कुडाच्या भिंती, उवांची फणी आणि हेन्ली स्ट्रीटचा उकिरडा

सुरुवातीलाच सांगते, ह्यात लंडन नाहीये. बिग बेन, लंडन आय, राजवाडा हे सगळं मागच्या खेपेला उरकलं होतं आणि पाय सुजल्यावर आई म्हणाली होती की पुन्हा काही मी येत नाही. तरी आली. ह्यावेळी गणपती झाल्यावर आम्ही दोघी स्विंडनला मावसबहिणीकडे तीन आठवडे गेलो, नुसतं राहायला, भाज्या निवडायला आणि गप्पा मारायला, बाकी प्लॅन काही नव्हता.

प्लॅन झाला तो भावोजींमुळे. ते मूळचे मडगावचे. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं हजारोंनी आहेत, पोर्तुगीज पासपोर्टवर आलेली, त्यामुळे उकडे तांदूळ, सोलं, चोरीस, सगळं मिळतं. पहिल्याच रात्री जेवताना ते आईला म्हणाले, "मावशी, ख्रिस्तपुराणवाला फादर स्टीफन्स माहितीये ना? आमच्या साष्टीत आयुष्य काढलं त्याने, चाळीस वर्षं गोव्यात होता. पण जन्मला कुठे? हितेच. गाडीनं अर्धा तास पण नाय."

आईचा विश्वासच बसेना. मराठीला रत्नातल्या हिऱ्याची उपमा देणारी त्याची ओवी तिने शाळेत पाठ केलेली, पण तो माणूस इंग्रज होता हे डोक्यात कधी नीट शिरलंच नव्हतं, नावावरून गोव्याचाच कोणी असेल असं धरून चाललेलो. माझंही तेच, खोटं कशाला बोलू. तर मग ठरलं की हा मुलगा ज्या इंग्लंडातून उठून आपल्याकडे आला आणि ख्रिस्ताची कथा सांगणाऱ्या जवळजवळ ११ हजार मराठी ओव्या लिहून बसला, ते इंग्लंड होतं कसं ते बघायचं. आईची एकच अट, राजेराण्यांच्या लग्नाच्या भानगडी नकोत, घरं आणि चुली दाखवा.

दिवस पहिला, सोमवार: बुश्टन

बुश्टन गाव मॅपवर आहे, बाकी फारसं कुठे नाही. विल्टशरमधलं क्लिफ पायपार्ड नावाचं पॅरिश, त्यातली ही वाडी म्हणायची. थोडी घरं, शेतं, कुंपणाच्या झुडपांमधून जाणारा एकेरी रस्ता, समोरून ट्रॅक्टर आला की मागे मागे जायचं. स्टीफन्सच्या नावाची पाटी मला तरी दिसली नाही. भावोजी जरा खट्टू झाले, गोव्यात राशोलला त्याचं नाव निघतं आणि इथे काहीच नाही म्हणून.

पण जागा बघून एक गोष्ट कळली. दक्षिणेला खडूच्या दगडाची टेकडी एकदम भिंतीसारखी उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी चिकणमातीची सपाट जमीन. विल्टशरचे असे दोन भागच मानतात, वर खडू आणि खाली चीज, म्हणजे वरच्या माळावर मेंढ्या आणि खालच्या ओल्या कुरणात गाई. बुश्टन खालचं, पण मेंढ्या डोळ्यांसमोर. आणि त्या काळात मेंढी म्हणजे पैसा. लोकरीचं कापड हाच इंग्लंडचा मोठा धंदा, बाहेर जाणारा माल म्हणजे मुख्यतः तोच. ह्या धंद्याची काळजी सरकारला इतकी की १५७१ मध्ये कायदा केला, सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने, बडी माणसं सोडून, रविवारी आणि सणाला इंग्लंडात विणलेली लोकरीची टोपी घालायची, नाहीतर दिवसाला ३ शिलिंग ४ पेन्स दंड. आई म्हणाली आमच्याकडे गांधी टोपी निदान दंडाशिवाय घातली लोकांनी.

टॉमसचा, म्हणजे ह्या फादर स्टीफन्सचा, बाप व्यापारी होता. टॉमस जन्मला साधारण १५४९ मध्ये. आई १९४९ ची. "बरोबर चारशे वर्षांनी धाकटी तुम्ही," असं भावोजी म्हणाले आणि झालं, पुढचे सहा दिवस आई त्याला "आमचा टॉमस" म्हणत होती.

क्लिफ पायपार्डचं चर्च टेकडीच्या अगदी कुशीत, झाडांत लपलेलं. आवारात निकोलाउस पेव्हस्नरची कबर आहे, इंग्लंडातल्या एकेका जुन्या इमारतीची नोंद करत फिरलेला तो इतिहासकार. आम्ही बाकावर बसून थर्मासमधला चहा प्यायलो आणि भावोजींनी तिथे जे सांगितलं ते मला फार लागलं. टॉमस जन्मला तेव्हा गादीवर एडवर्ड, पोरसवदा प्रोटेस्टंट राजा. चर्चमधल्या मूर्ती काढल्या, भिंतीवरची चित्रं पुसली, लॅटिन बंद आणि त्याच १५४९ साली इंग्रजी प्रार्थनापुस्तक सक्तीचं. पोरगा चार वर्षांचा झाला तर मेरी राणी आली, सगळं परत कॅथलिक, लॅटिन परत, मूर्ती परत. नऊ-दहा वर्षांचा झाला तर एलिझाबेथ, पुन्हा सगळं उलटं. म्हणजे मुंजीच्या वयाच्या आत पोराने एकाच देवळात तीनदा पूजा बदललेली बघितली. आणि हा खर्च कोणी करायचा, तर गावाने. वेदी फोडायचा खर्च गावाचा, परत बांधायचा पण गावाचा. पाद्र्याचे भरजरी झगे आणि चांदीची भांडी घरात लपवून ठेवणारे लोक कितीतरी गावांत होते, कोण जाणे उद्या परत लागतील.

आई म्हणाली, "म्हणून कंटाळून गोव्याला आला असेल." इतकं सोपं नाही ते, पण अगदी चूक पण नाही.

दिवस दुसरा, मंगळवार: विंचेस्टर

इथे टॉमस शाळेत होता. विंचेस्टर कॉलेज १३८२ मध्ये स्थापलेलं, नाव कॉलेज पण शाळाच, अजून चालू. आत नेऊन दाखवायची टूर असते, ती आमची पार्किंग शोधण्यात चुकली (शिवाय दोन तासांचं तिकीट आणि आम्ही अडीच तासांनी परत, त्याचा दंड वेगळा, तो विषय बहिणीसमोर काढायचा नाही असं ठरलंय). त्यामुळे बाहेरून भिंत बघितली आणि कॅथेड्रलमध्ये गेलो.

कॅथेड्रल प्रचंडच आहे. सेंट स्विदुन म्हणजे तिथलं जागृत देवस्थान म्हणा ना, शेकडो वर्षं लोक नवस बोलायला यायचे, आणि १५३८ च्या सप्टेंबरात हेन्री आठव्याची, म्हणजे एडवर्डच्या बापाची, माणसं पहाटे तीनच्या सुमारास आली आणि समाधी मोडून चांदी घेऊन गेली. पहाटे तीनला! दिवसा यायची हिंमत नसणार. पुढे सोळा वर्षांनी ह्याच चर्चमध्ये मेरी राणीने स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं, १५५४ मध्ये, थाटात कॅथलिक पद्धतीने. (आईची अट मोडली, पण एवढं एकच लग्न.)

टॉमस मोठा होईपर्यंत कायदा असा होता की रविवारी सरकारमान्य चर्चला गेलं नाही तर १२ पेन्स दंड. १५८१ नंतर तोच महिन्याला २० पौंड झाला, जो साध्या मजुराच्या वर्षाच्या कमाईहून कितीतरी जास्त. टॉमसचा एक श्रीमंत दोस्त होता, टॉमस पाउंड म्हणून, दोघांनी मिळून रोमला पळून जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांचा एक संघ) व्हायचं ठरवलं, पण पाउंड पकडला गेला आणि त्याने पुढे कितीतरी वर्षं तुरुंगांत काढली. आपला टॉमस एकटाच निसटला, १५७५ मध्ये रोमला जेझुइट झाला, आणि १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून गोव्याच्या जहाजात चढला.

बाकी विंचेस्टरला काही विशेष नाही. स्कोन चांगले मिळाले. रात्री पोर्ट्समथला मुक्काम.

दिवस तिसरा, बुधवार: मेरी रोझ

हा दिवस सगळ्यात भारी. ज्यांना म्युझियमचा कंटाळा येतो त्यांनी पण हे एक बघाच.

मेरी रोझ हे हेन्री आठव्याचं लढाऊ जहाज. १९ जुलै १५४५ ला फ्रेंचांशी लढताना किनाऱ्यापासून दिसेल इतक्या जवळ बुडालं, राजा स्वतः साउथसी किल्ल्यावरून बघत होता. वळताना कललं आणि तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरलं असं मानतात. वर शत्रूने उडी मारून चढू नये म्हणून डेकवर जाळी ताणलेली, त्या जाळीतच माणसं अडकली. जवळजवळ ५०० लोक होते, वाचले ३५ सुद्धा नाहीत. जहाज उजव्या कुशीवर चिखलात रुतलं, त्यामुळे ती बाजू टिकली आणि डावी पाण्याने, किड्यांनी खाल्ली. ११ ऑक्टोबर १९८२ ला वर काढलं आणि मग २०१३ पर्यंत आधी पाणी आणि मग मेणासारखं रसायन फवारत ठेवलं, का तर लाकूड एकदम वाळलं असतं तर तडकून भुगा झाला असता.

आत गेल्यावर एका बाजूला काचेपलीकडे ते अर्धं जहाज, उभं चिरलेल्या फणसासारखं, सगळे मजले दिसतात, आणि दुसऱ्या बाजूला त्या त्या मजल्यावर सापडलेल्या वस्तू. १९ हजारांवर वस्तू सापडल्यात. आणि हे काय राजाचे दागिने नाहीत, साध्या माणसांचं सामान आहे, दुपारी वापरात असलेलं, संध्याकाळी पाण्याखाली गेलेलं.

आई पहिल्यांदा थांबली ती कंगव्यांपाशी. ऐंशीच्या वर कंगवे सापडलेत, बहुतेक बॉक्सवुडचे, एका बाजूला जाड दात, दुसऱ्या बाजूला बारीक. "अगं ही फणी!" म्हणून ती एवढ्या मोठ्यांदा ओरडली की शेजारचं इंग्लिश कुटुंब दचकलं. तिच्या आजीकडे असलीच होती, शिसवी. काही फण्यांच्या दातांत उवा आणि लिखा अजून अडकलेल्या आहेत, पावणेपाचशे वर्षांनी. त्या कुटुंबातल्या छोट्या पोरीला ते दोन बाजूंचं प्रकरण कळत नव्हतं, तिला आईने हातवारे करून समजावलं, मान खाली घालून, मांडीवर पांढरं फडकं पसरून, टकटक करून नखावर मारायची, सगळं. भाषा लागलीच नाही.

मग लाकडी वाडगे आणि ताटल्या. त्यांच्यावर खुणा कोरलेल्या, फुल्या, रेघा, आद्याक्षरं, कारण वाडगे सगळ्यांचे सारखेच. बहुतेकांना लिहिता येत नसणार म्हणून खूण. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतात तेच हे, लग्नात आलेल्या पातेल्यावर आत्याचं नाव, तारीख. आई म्हणाली भांडी बदलतातच, खूण नको?

खाणंपिणं असं: खारवलेलं गोमांस, डुकराचं मांस, सुकवलेला कॉड मासा, दगडासारखी बिस्किटं, आणि माणशी दिवसाला एक गॅलन बियर, म्हणजे साडेचार लिटर! पिंपातलं पाणी टिकत नाही, बियर जास्त टिकते. आणि ती आजच्यासारखी कडक नव्हती म्हणे. भावोजींनी तरी टोपी काढून नमस्कार केला.

एका ठिकाणी काळी मिरी. दाणे अजून ओळखू येतात. ती आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरची, पोर्तुगीजांच्या जहाजांतून लिस्बन, तिथून अँटवर्प आणि मग इंग्लंड. टॉमस ज्या वाटेने आला त्याच वाटेने उलटी गेलेली, त्याच्या जन्माच्या आधी.

जहाजावरच्या न्हाव्याची पेटी पण सापडली. न्हावी म्हणजे डॉक्टरच, दाढी करणार तोच हात कापणार. मलमाच्या लाकडी डब्या, त्यातल्या काहींत मलमावर बोटांचे ठसे. आणि एक लांब नळीची पिचकारी. ही कशाला, असं आईने विचारलं आणि भावोजी एकदम बाजूच्या धनुष्यांकडे वळले. मीच सांगितलं शेवटी, गुप्तरोगासाठी, पारा सोडायची. आई म्हणाली, बरं मग सरळ सांगायचं की, लाजायचं काय त्यात.

जपमाळा पण सापडल्या. १५३८ मध्येच सरकारने माळ जपण्याला अंधश्रद्धा ठरवून बंद करायला सांगितलेलं, आणि सात वर्षांनी राजाच्या स्वतःच्या जहाजावर खिशात माळा. मला हे कालच्या स्विदुनपेक्षा जास्त बोललं.

आणि एक कुत्रा. उंदीर मारायला ठेवलेला, सुताराच्या खोलीच्या दाराशी सापडला, पूर्ण सांगाडा, वय दोन वर्षांच्या आत. हॅच नाव ठेवलंय त्याचं आत्ताच्या लोकांनी. तिथे मी जरा रडले, नेहमीप्रमाणे.

निघताना एक पाटी वाचली ती मुद्दाम लिहितेय. जहाज बुडाल्यावर तोफा काढायला एका व्हेनिसवाल्याला कंत्राट दिलं होतं आणि त्याचा मुख्य पाणबुडा होता जाक फ्रान्सिस, पश्चिम आफ्रिकेतला. १५४८ मध्ये त्याने लंडनच्या नौदल कोर्टात साक्ष दिली. विरुद्ध पार्टी म्हणाली हा गुलाम, ह्याची साक्ष चालणार नाही. कोर्टाने त्याचं म्हणणं लिहून घेतलं, ते अजून आहे. ट्युडर इंग्लंड, म्हणजे हेन्री ते एलिझाबेथ ह्या घराण्याचं इंग्लंड, म्हटलं की सगळे गोरे आणि मखमलीतले असं जे डोक्यात असतं ना, ते जातं.

दिवस चौथा, गुरुवार: सिंगलटन

चिचेस्टरच्या उत्तरेला सिंगलटन नावाचं गाव, तिथे वील्ड अँड डाउनलँड म्युझियम. पन्नासच्या वर जुनी घरं इंग्लंडच्या आग्नेय भागातून उचलून आणून, लाकूड लाकूड नंबर घालून सुटं करून, इथे टेकडीच्या उतारावर परत उभारलीत. आम्ही चार तासांत फक्त एक घर आणि एक स्वयंपाकघर बघितलं. बाकीच्यांवरून नुसते चालत गेलो.

घराचं नाव बेलीफ. केंटमधलं खात्यापित्या शेतकऱ्याचं घर, जुना भाग पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, आणि आत मांडणी केलीय साधारण १५४० ची. १९६० च्या दशकात तिकडे बाउ बीचचा तलाव होणार होता आणि घर पाण्याखाली जाणार होतं म्हणून सोडवून इथे आणलं. आई एकदम गप्प झाली. तिलारीच्या धरणात तिच्या माहेरच्या ओळखीच्यांची घरं गेली, ती कोणी नंबर घालून उचलली नाहीत.

पण उंबऱ्यातून आत पाय टाकला आणि ती खुललीच. मोठी उंच खोली, जमीन चोपलेल्या मातीची, मधोमध जमिनीवर उघडा विस्तव, धुराडं नाही. धूर वर जातो आणि छपराच्या फटींमधून निघेल तेव्हा निघेल. वरचे वासे काजळीने काळे कुळकुळीत. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि आतून झडपा. भिंती कशाच्या, तर ओकच्या चौकटीत हेझलच्या फोका विणायच्या आणि त्यावर माती, शेण, गवत कालवून दोन्ही बाजूंनी थापायचं. गाइडबाई ते सगळं इंग्रजीत समजावत होत्या आणि आईने भिंतीवर हात ठेवून एका शब्दात संपवलं, "कूड."

सावंतवाडीजवळच्या तिच्या आजोळी असंच होतं. कुडाच्या भिंती, आढ्याला धूर, जमीन शेणाने सारवलेली. गाइडबाईंनी विचारलं की धुराने तुम्हाला त्रास होत नाही का (आम्ही दोघं खोकून बाहेर), तर आई म्हणाली उभं राहिलं तर होतो, खाली बसायचं. धूर डोक्याच्या वर राहतो. बरोबर तेच कारण की त्या घरातले बाक आणि स्टुलं बुटकी आहेत! बाई खूष झाल्या.

१५७७ मध्ये विल्यम हॅरिसन नावाच्या एसेक्समधल्या पाद्र्याने लिहून ठेवलंय की गावातले म्हातारे तीन गोष्टी बदलल्या म्हणून सांगतात. एक, धुराडी फार झाली. दोन, अंथरूण, आधी गवताच्या गादीवर झोपायचे आणि डोक्याखाली ओंडका, उशी म्हणजे बाळंतिणीची चैन. तीन, लाकडी ताटल्या जाऊन कथलाची भांडी आली. आणि त्याचं वर म्हणणं असं की पूर्वी धुराने लाकूड पक्कं व्हायचं आणि माणसं पण धडधाकट राहायची, धुराडी आल्यापासून सगळ्यांना सर्दी. प्रत्येक काळात असा एक काका असतोच.

वरच्या माडीवर मालकाची झोपायची खोली आणि तिला लागून भिंतीबाहेर काढलेला संडास, फळीला भोक, खाली सरळ जमीन. त्यावर आई काही बोलली नाही, फक्त खाली वाकून बघितलं.

शेजारच्या ट्युडर स्वयंपाकघरात (विंकहर्स्ट म्हणतात त्याला, हे पण त्याच तलावातून वाचवलेलं) तेव्हाचे कपडे घातलेल्या दोन बायका रांधत होत्या. मडक्यात पॉटेज, म्हणजे वाटाणे, ओट, लीक, जो हाताला लागेल तो पाला, सगळं एकत्र शिजवायचं, विस्तव विझेपर्यंत शिजतच असतं. ब्रेड गरिबाघरी गहू-राय मिसळून. बटाटा नाही, टोमॅटो नाही, मिरची नाही. मी हसायला गेले, मग लक्षात आलं की १५४० मध्ये आपल्याकडच्या घराघरांत तरी मिरची, बटाटा कुठे होता. सगळं त्या पोर्तुगीजांच्या जहाजांतूनच यायचं होतं. आपल्या पणज्या पण मिरीच कुटत होत्या.

आईने त्या बायकांबरोबर तासभर काढला. लोणी काढायचं त्यांचं भांडं उभं, दांडा वर-खाली करायचा, आईने रवी कशी गोल फिरते ते दोरीशिवाय करून दाखवलं. कपडे धुवायला लाकडाच्या राखेचं पाणी गाळून घ्यायचं हे त्यांनी सांगितलं, तर आई म्हणाली आमची भांडी राखेनेच. मग त्या म्हणाल्या की डागांसाठी शिळं मूत्र पण वापरायचे, तेव्हा आईने मला मराठीत विचारलं की ही खरं सांगतेय की चेष्टा करतेय. खरं आहे. एल (बियरसारखंच पेय) पण घरोघरी बायकाच गाळायच्या, चार दिवसांत आंबून जायचा म्हणून सतत गाळायचा, जास्त झाला की दारात काठी लावून विकायचा.

परत येताना गाडीत आई म्हणाली, "ह्या लोकांना हे बघायला तिकीट काढावं लागतं." मी म्हटलं मला पण, आई. मी कुठे कूड बघितलाय.

दिवस पाचवा, शुक्रवार: पाऊस

स्विंडनला परत. पाऊस. आईचा चष्मा पोर्ट्समथच्या हॉटेलात राहिला, फोनाफोनी, तो पोस्टाने येतोय. शुक्रवार म्हणून भावोजींकडे मांस नाही, बांगड्याचं हुमण. तेव्हाच्या इंग्लंडात शुक्रवार, शनिवार, सगळा लेंट (ईस्टरआधीचा उपासाचा काळ) मासे खायचे दिवस, आणि गंमत म्हणजे कॅथलिक धर्म गेला तरी एलिझाबेथने हे ठेवलं, उलट १५६३ मध्ये बुधवार पण वाढवला, आणि कायद्यात चक्क लिहिलं की हे धर्मासाठी नाही, मच्छीमार जगले तर नौदलाला खलाशी मिळतील म्हणून. सरकारी उपास. आई म्हणाली मासे खाऊन कसला उपास, आणि दुसऱ्यांदा भात घेतला.

दिवस सहावा, शनिवार: स्ट्रॅटफर्ड

शनिवारी स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला जायचं नसतं हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. बसच्या बस ओततात. ह्यावेळी बहीण पण होती. सगळे शेक्सपिअरसाठी आलेले, आम्ही आलो होतो त्याच्या बापाच्या उकिरड्यासाठी.

झालं असं की जॉन शेक्सपिअर, हातमोजे करणारा, हेन्ली स्ट्रीटवर राहायचा. एप्रिल १५५२ मध्ये त्याला आणि आणखी दोघांना माणशी १२ पेन्स दंड झाला, रस्त्यावर उकिरडा केला म्हणून. गावाचा उकिरडा ठरवून दिलेला होता, तिथपर्यंत जायचा कंटाळा केला. त्याचं त्या गावात असण्याचं सगळ्यात जुनं लिखित प्रूफ म्हणजे ही पावती! आपल्यापैकी किती जण महानगरपालिकेच्या नोटिशीत अमर होतील सांगा. १२ पेन्स म्हणजे मजुराची दोन-तीन दिवसांची कमाई, तर अगदीच किरकोळ नाही. आणि हाच माणूस सोळा वर्षांनी, १५६८ मध्ये, गावाचा बेलिफ म्हणजे नगराध्यक्ष.

घर तेच दाखवतात, आत हातमोज्यांचं वर्कशॉप लावलंय, मऊ पांढरी कातडी टांगलेली, तुरटीने कमावलेली. बहीण म्हणाली वास कसा नाही. खरा वास लावला तर कोण येईल.

गर्दी टाळायला आम्ही गिल्ड चॅपलमध्ये गेलो, आणि ते अख्ख्या स्ट्रॅटफर्डमध्ये मला सगळ्यात आवडलं. कमानीच्या वर भिंतभर चित्र होतं, अंतिम न्यायाचं, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरकात ढकलले जाणारे लोक. १५६३ च्या सुमारास ते चुना मारून पुसलं, गावाच्या हिशेबात "प्रतिमा विद्रूप करण्याबद्दल" २ शिलिंग खर्च लिहिलाय, आणि तेव्हा हिशेब बघणारा कोण, परत आमचे उकिरडेवाले जॉनभाऊ. आता ह्यात काय, की चित्र खरवडून काढलं नाही, नुसता चुना मारला. चुन्याखाली ते राहिलं आणि १८०४ मध्ये सापडलं. आळस की मुद्दाम, सरकार परत उलटलं तर सोय म्हणून? भावोजी म्हणाले मुद्दाम, बहीण म्हणाली दोन शिलिंगात तेवढंच काम होतं. मी बहिणीच्या बाजूने.

होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदवह्यांबद्दल पण सांगायलाच हवं. जन्म, लग्न, मृत्यू प्रत्येक गावात लिहायचा हा हुकूम १५३८ चा, त्यामुळेच साध्या माणसांची नावं आज माहीत आहेत. ह्या गावच्या वहीत २६ एप्रिल १५६४ ला विल्यमच्या बाप्तिस्म्याची नोंद, आणि त्याच वर्षी ११ जुलैला लॅटिनमध्ये तीन शब्द, "इथे प्लेग सुरू झाला". वर्ष संपेपर्यंत गावातली दोनशेवर माणसं गेली, दीड-दोन हजारांच्या गावात. तीन महिन्यांचं पोर वाचलं ते नशीब. आमचा टॉमस तेव्हा पंधराचा असेल.

आई तिथून बाहेर येऊन नदीकाठी बसली, बदकांना काही टाकू नका अशी पाटी होती तिच्याशेजारीच बसून पोळीचे तुकडे टाकले.

रात्री घरी भावोजींनी लॅपटॉप उघडून टॉमसचं पत्र काढलं. गोव्याला पोचला २४ ऑक्टोबर १५७९ ला, आणि १० नोव्हेंबरला बापाला लिहिलं. पुढे ते इंग्लंडात छापलं गेलं म्हणून आपल्याला मिळतं. सगळा प्रवास आहे त्यात, वारा पडलेला, हिरड्या सुजून माणसं आजारी, उडणारे मासे, पक्षी. आणि शेवटी शेवटी तो बापाला ह्या देशात पितात काय ते सांगतो. चांगलं पाणी, नाहीतर माडाची दारू, नाहीतर कोको नावाच्या एका फळातलं.

"म्हणजे शहाळं," आई म्हणाली.

"शहाळं. नि माडी," भावोजी म्हणाले.

"इंग्लंडातल्या त्या बापाला हे समजावणार कसं, ज्याने माड बघितला नाही?" आई बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली की फळाला आत कवच असतं आणि कवचात पाणी असतं हे ऐकून बाप म्हणाला असेल, पोरगं नक्की एल पिऊन लिहायला बसलंय. भावोजी हसत उठले आणि त्यांनी कपाटातून फेणीची बाटली काढली, आईसाठी लिंबू सोडा.